सफरचंदांची टोपली

कादंबरीतील माणूस आपल्याला नेमका केव्हा कळतो? या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले आहे. संघर्षाच्या क्षणी, निर्णयाच्या क्षणी, संकट कोसळते त्या क्षणी. वर्गात आम्ही प्राध्यापक मंडळी हेच उत्तर वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत आणि विद्यार्थीही ते उत्तरपत्रिकेत इमानाने उतरवून देतात. परंतु काही कादंबऱ्या अशा असतात, की त्यांत संकट म्हणावे असे फारसे काही घडतच नाही. लढाई नाही, खून नाही, कोणाचे दिवाळे निघत नाही. तरीही शेवटचे पान उलटताना त्यातला प्रत्येक माणूस आपल्या शेजारी राहून गेल्यासारखा ओळखीचा झालेला असतो. जेन ऑस्टिनची 'एमा' ही अशा कादंबऱ्यांपैकी एक. तिच्यातील माणसे कळतात ती सफरचंदे, डुकराचे मांस, चष्म्याचा खिळा आणि नाचाची एक फेरी अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतून. कोणी कोणाला काय दिले आणि कसे दिले, एवढ्यावरून ऑस्टिन माणसाची पारख करते. ही पारख त्या काळाच्या सामाजिक इतिहासाशी किती घट्ट बांधलेली आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

ऑस्टिनने 'एमा'चे लेखन जानेवारी १८१४ मध्ये सुरू केले आणि मार्च १८१५ मध्ये पूर्ण केले. डिसेंबर १८१५ मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर मात्र १८१६ हे साल छापलेले होते. लेखिकेचे नाव त्यावर नव्हते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या लेखिकेची कृती, एवढीच ओळख होती. त्याच वर्षी जूनमध्ये वॉटर्लूची लढाई होऊन नेपोलियनशी चाललेले दीर्घ युद्ध संपले होते. कादंबरीत त्या युद्धाचा धूर कोठेही दिसत नाही. कथा घडते ती सरे परगण्यातील हायबरी या काल्पनिक गावात, लंडनपासून सोळा मैलांवर. नायिका एमा वुडहाऊस जेमतेम एकवीस वर्षांची, देखणी, हुशार आणि तीस हजार पौंडांची धनीण आहे. गावातील लोकांची लग्ने जुळवणे हा तिचा छंद, आणि त्यात दर वेळी चुकणे हे कादंबरीचे कथानक.

याच गावात मिस बेट्स नावाची एक अविवाहित प्रौढा आपल्या वृद्ध आईबरोबर राहते. तिचे वडील एके काळी गावच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. येथे त्या काळची एक व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. धर्मोपदेशकाचे घर आणि उत्पन्न ही पदाबरोबर येत आणि पदाबरोबरच जात. तो निवर्तला की घर नव्या धर्मोपदेशकाच्या ताब्यात जाई, आणि विधवेला व मुलींना बाहेर पडावे लागे. प्रतिष्ठित घरातील अविवाहित स्त्रीला पोटासाठी करता येण्याजोगे काम जवळजवळ एकच, ते म्हणजे परक्या घरी मुलांची शिक्षिका होऊन राहणे. मिस बेट्स आणि तिची आई आता एका व्यापारी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर, एका मोलकरणीच्या मदतीने, काटकसरीने दिवस काढतात. त्यांच्या जुन्या घरात नवा धर्मोपदेशक मिस्टर एल्टन राहतो.

ऑस्टिनला हे जग ऐकून ठाऊक नव्हते. तिचे वडीलही धर्मोपदेशक होते. जानेवारी १८०५ मध्ये ते बाथ येथे वारले, आणि आई, थोरली बहीण कॅसॅन्ड्रा व स्वतः जेन अशा तिघी भावांनी वर्षाकाठी देऊ केलेल्या रकमांवर अवलंबून राहिल्या. पुढे साडेचार वर्षांनी, जुलै १८०९ मध्ये, एडवर्ड या भावाने आपल्या जहागिरीतील चॉटन येथील एक घर त्यांना राहावयास दिले. 'एमा' याच घरात लिहिली गेली. दुसऱ्याच्या दातृत्वावर जगणे म्हणजे काय, मदत घेताना कोणत्या हाताचे ओझे वाटते आणि कोणत्या हाताचे वाटत नाही, याचा अनुभव लेखिकेच्या घरातच होता.

आता सफरचंदांकडे वळू. गावाजवळच्या डॉनवेल अ‍ॅबी या जहागिरीचा मालक जॉर्ज नाइटली हा सदतीस-अडतीस वर्षांचा, मितभाषी, शेतीत रमणारा गृहस्थ. तो दर वर्षी मिस बेट्सकडे भाजून खाण्याची सफरचंदे पाठवतो. यंदा तिच्याकडे तिची भाची जेन फेअरफॅक्स राहावयास आली आहे. तिची प्रकृती तोळामासा, जेवणाकडे लक्ष नाही. मात्र भाजलेली सफरचंदे ती आवडीने खाते. नाइटली एकदा सहज आलेला असताना हे बोलणे निघते. तुमचा साठा संपत आला असेल, तो म्हणतो, माझ्याकडे तर यंदा गरजेपेक्षा जास्त आहेत, ठेवून वाया जातील. मिस बेट्स नको नको म्हणते. त्याच संध्याकाळी नाइटलीचा कारभारी विल्यम लार्किन्स मोठी टोपली घेऊन दारात उभा राहतो. चांगली बुशेलभर, म्हणजे आपल्या मापाने सुमारे पस्तीस लिटरांचे भांडे भरेल इतकी सफरचंदे. नंतर मोलकरणीकडून कळते की त्या जातीची डॉनवेलमधली ही शेवटची सफरचंदे होती. मालकाला स्वतःसाठी भाजायला वा शिजवायला एकही उरलेले नाही, आणि त्याच्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाई त्यामुळे रागावल्या आहेत.

म्हणजे 'माझ्याकडे जास्त आहेत' हे वाक्य खोटे होते. आपल्याकडेही 'घरी कोणी खात नाही हो, तुम्हीच घ्या' असे म्हणत भरली वाटी शेजारणीच्या हातात ठेवणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून उच्चारलेले हे असत्य नाइटलीच्या स्वभावाविषयी जेवढे सांगते, तेवढे त्याचे चार पानी भाषणही सांगू शकले नसते. विशेष हे, की हा माणूस एरवी रोखठोक बोलणारा आहे. एमाच्या तोंडावर तिचे दोष सांगणारा गावात तो एकटाच. सत्याच्या बाबतीत असा काटेकोर माणूस एका टोपलीसाठी खोटे बोलतो.

ही घटना ऑस्टिनने प्रत्यक्ष प्रसंग म्हणून रंगवलेली नाही. ती आपल्याला कळते मिस बेट्सच्या तोंडून, आणि मिस बेट्स म्हणजे अखंड बडबड. एका वाक्यात चार विषय, आईचा चष्मा, भट्टीवाल्या बाईंचे आभार, सफरचंदे दोनदा भाजावीत की तीनदा याबद्दल एमाच्या वडिलांचे मत, आणि मध्येच कोणाला तरी जिन्याची पायरी जपण्याची सूचना. हायबरीतील माणसे तिचे बोलणे अर्ध्या कानाने ऐकतात. वाचकही बहुधा तेच करतो. दोन-तीन ओळी वाचून त्याची नजर परिच्छेदाच्या शेवटाकडे धावते. सर वॉल्टर स्कॉटसारख्या मातब्बराचीही यातून सुटका झाली नाही. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त १८१६ मध्ये त्याने नाव न देता या कादंबरीचे मोठे रसिक परीक्षण लिहिले, सामान्य जीवनाचे इतके हुबेहूब चित्रण केल्याबद्दल लेखिकेचा गौरव केला. पण एमाचे वडील आणि मिस बेट्स ही पात्रे आरंभी गमतीची वाटली तरी वारंवार पुढे आणल्यामुळे कंटाळवाणी होतात, अशी तक्रारही नोंदवली. आज दोनशेहून अधिक वर्षांनी ते परीक्षण वाचताना वाटते, की स्कॉटच्या हातून नकळत एमाचीच चूक झाली. नाइटलीच्या औदार्याचा पुरावा लेखिकेने नेमका त्या बडबडीत ठेवला होता. जो मिस बेट्सचे ऐकेल, त्यालाच नाइटली कळेल.

कादंबरीत औदार्याची वाण आहे असे नाही. एमा स्वतः उदार आहे. हार्टफील्डला, म्हणजे तिच्या घरी, डुक्कर मारले जाते तेव्हा बेट्स मायलेकींना काय पाठवावे याचा खल तिचे वडील करीत बसतात. मांडीचा भाग पाठवावा की कमरेचा, हा त्यांचा प्रश्न. तोवर एमाने मागचा सबंध भाग पाठवूनही दिलेला असतो. वजनाने आणि किमतीने पाहिले तर हे दान सफरचंदांपेक्षा भारीच ठरेल. त्यात कपट नाही की दिखाऊपणा नाही. तरीही या दोन दानांत अंतर आहे, आणि ते अंतर कादंबरी फार सावकाश उलगडते. एमा मिस बेट्सला मांस पाठवू शकते. तिच्याकडे जाऊन अर्धा तास तिचे बोलणे ऐकणे मात्र तिला जमत नाही. त्या घरी जाणे तिला वेळेचा अपव्यय वाटतो, तेथे भेटणाऱ्या कनिष्ठ दर्जाच्या लोकांत मिसळावे लागेल याची धास्ती वाटते. जेनला काय आवडते हे नाइटलीला कळले, कारण तो त्या खोलीत बसून ऐकत होता.

असाच दुसरा प्रसंग गाडीचा. त्या काळी घोडागाडी बाळगणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते आणि ते खर्चाचेही होते. युद्धकाळात गाड्यांवर व घोड्यांवर करही द्यावा लागे. नाइटलीच्या हाती रोख पैसा बेताचा असतो आणि चालण्याची त्याला आवड, त्यामुळे तो सहसा पायीच जातो. कोल नावाच्या कुटुंबाकडे मेजवानीला तो गाडीतून उतरलेला पाहून एमाला समाधान वाटते, अखेर हा आपल्या दर्जाला शोभेसा आला! नंतर कळते की जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत मिस बेट्स आणि नाजूक प्रकृतीच्या जेनला रात्री चालत जावे लागू नये, म्हणून गाडी जोडली होती. ही बातमी एमाला सांगणारी तिची पूर्वीची शिक्षिका मिसेस वेस्टन त्यावरून तर्क करते, की नाइटलीचे जेनवर प्रेम असले पाहिजे. एका माणसाची साधी दया पाहून भोवतालचा समाज तिच्यामागे हेतू शोधू लागतो. एमा मात्र येथे अचूक बोलते, की गाजावाजा न करता असे काही करणारा गावात हाच एक माणूस आहे. तिला नाइटली कळतो. स्वतः तसे वागणे कळायला तिला अजून बराच अवकाश आहे.

क्राउन या खाणावळीत झालेला नाच हा या मालिकेतील कळसाचा प्रसंग म्हणता येईल. एमाची मैत्रीण हॅरिएट स्मिथ ही आईबापांचा पत्ता नसलेली, गावातील शाळेत पैसे भरून राहणारी मुलगी. एल्टनशी तिचे लग्न जुळवण्याचा एमाने घाट घातला होता. एल्टनची नजर मात्र एमावर आणि तिच्या तीस हजारांवर होती. नकार मिळाल्यावर त्याने बाहेरगावाहून पैसेवाली बायको करून आणली. आता नाचाच्या दालनात सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या आहेत आणि हॅरिएट एकटीच बसून आहे. त्या काळी नाचासाठी विचारण्याचा अधिकार पुरुषाचाच असे. स्त्रीने वाट पाहावयाची, आणि कोणी विचारले नाही तर सर्वांच्या नजरेसमोर बसून राहावयाचे. मिसेस वेस्टन एल्टनला सुचवून पाहते. इतर कोणाही बाईबरोबर नाचण्याची तयारी दाखवणारा एल्टन हॅरिएटचे नाव निघताच मागे सरतो. आपण आता लग्न झालेले म्हातारे गृहस्थ, अशी सबब सांगतो आणि बायकोकडे पाहून हसतो. त्या हसण्यात सारे आले. ज्या धर्मोपदेशकाने गावाला दयेचा उपदेश करावयाचा, त्याने एका निराधार मुलीचा भर सभेत असा सूड घेतला. पुढच्या क्षणी एमाला दिसते, की तोवर न नाचता कडेला उभा असलेला नाइटली हॅरिएटला हात देऊन नाचाच्या रांगेकडे नेत आहे. तो एल्टनला काहीही बोलत नाही.

दुसऱ्याच दिवशी हॅरिएटवर रस्त्यात खरोखरचा प्रसंग ओढवतो. भटक्या टोळीतील मुले तिला घेरून पैसे मागू लागतात आणि फ्रँक चर्चिल हा देखणा तरुण योगायोगाने तेथे येऊन तिची सुटका करतो. कादंबऱ्या वाचून कल्पना रंगवणाऱ्या एमाला यात प्रेमकथेचा आरंभ दिसतो. काही दिवसांनी हॅरिएट एका उपकाराविषयी, त्यातून उपजलेल्या आदराविषयी बोलते तेव्हा एमा धरून चालते, की हे फ्रँकबद्दलच आहे. पुढे उलगडा होतो की हॅरिएटच्या मनात त्या सुटकेला फारसे स्थान नव्हते. तिला म्हणावयाचे होते ते नाचाविषयी. भोळी, फारशी न शिकलेली हॅरिएट येथे एमापेक्षा श्रेष्ठ वाचक ठरते. भीती घालवणारा आणि अपमान पुसणारा, यांतला कोणता माणूस मोठा हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. आणि हॅरिएटचे मन नाइटलीकडे वळले आहे हे कळताच एमालाही प्रथमच स्वतःचे मन कळते.

फ्रँक चर्चिलची देणी यांच्या शेजारी ठेवून पाहावीत. तो बेट्स आजीच्या चष्म्याचा निघालेला खिळा बसवून देतो आणि मिस बेट्स त्याचे कौतुक करताना थकत नाही. वास्तविक तो जेनशी गुप्तपणे वाग्दत्त आहे, आणि चष्मा हे तिच्याजवळ बसण्याचे निमित्त. तिच्यासाठी तो लंडनहून निनावी पियानो पाठवतो. केवढी मोठी भेट! पण ज्या घरात सफरचंदे मोजून ठेवावी लागतात, त्या घरात पियानो आल्यावर गावभर तर्ककुतर्क सुरू होतात आणि त्याची लाज जेनला सोसावी लागते. अशा अनपेक्षित भेटींनी आनंद वाढत नाही, गैरसोय मात्र पुष्कळ होते, असे मत नाइटली व्यक्त करतो. फ्रँक दुष्ट नाही. आपल्या देण्याने घेणाऱ्याचे काय होईल, हा विचार त्याला शिवत नाही इतकेच.

आणि मग बॉक्स हिलची सहल. वैतागलेल्या मंडळींत करमणूक म्हणून फ्रँक खेळ सुचवतो, की प्रत्येकाने एमाला एक फार चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. मिस बेट्स स्वतःवरच हसत म्हणते, की तीन रटाळ गोष्टी मला सहज जमतील. एमाच्या जिभेवर विनोद येतो आणि ती तो आवरत नाही. अडचण एवढीच, की एका वेळी तीनवरच थांबावे लागेल. मिस बेट्सला अर्थ कळायला क्षणभर वेळ लागतो. मग तिचा चेहरा किंचित लाल होतो, आणि ती रागावण्याऐवजी नाइटलीकडे वळून म्हणते, की मी फारच त्रासदायक होत असले पाहिजे, नाही तर जुन्या मैत्रिणीला ती असे बोलली नसती.

नंतर गाडीपाशी नाइटली एमाला जे सुनावतो, त्याचे सार इतिहासाच्या अंगाने पाहण्यासारखे आहे. ती श्रीमंत असती तर मी तुझ्या विनोदाला हरकत घेतली नसती, असे तो म्हणतो. ती गरीब आहे, जन्माच्या सुखातून खाली आली आहे आणि आयुष्य लांबले तर आणखी खाली जाईल. तू लहान होतीस तेव्हा तिने तुझ्याशी बोलणे हा तुझा मान होता. विनोद क्रूर झाला तो त्या दोघींतील सामाजिक अंतरामुळे. मिस बेट्सकडे लोकांच्या सदिच्छेखेरीज काहीही शिल्लक नव्हते, आणि एमाने भर मंडळींत तिच्या त्या ठेवीला हात घातला. एमा घरी जाताना वाटभर रडते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मिस बेट्सकडे जाते. मिस बेट्स तिचे स्वागत नेहमीप्रमाणे करते, किंचित अवघडून. पुढे एमा आजारी जेनसाठी उत्तम प्रतीचे आरारूट पाठवते. अर्ध्या तासात ते आभारांसह परत येते. हार्टफील्डचे मांस मुकाट घेणाऱ्या घरातून आलेला हा नकार एमाला निमूटपणे गिळावा लागतो. फ्रँकने बॉक्स हिलवर एमाशी जेनच्या देखत चालवलेली थट्टा आणि एमाची त्याला मिळालेली साथ यांचे उत्तर त्या परत आलेल्या पुड्यात होते. वेळेवर न दिलेला मान नंतर वस्तू पाठवून देता येत नाही, हे तिला तेव्हा कळते.

'एमा' शिकवताना दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारतो, की एवढ्याशा विनोदाने एवढे काय बिघडले? मी उत्तर देतो खरा. पण ते देताना एक जुनी आठवण टोचत राहते. आमच्या इमारतीत एक वृद्ध बाई एकट्या राहत. जिन्यात गाठून त्या बोलत आणि त्यांचे बोलणे संपत नसे. त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ आम्ही न चुकता पाठवीत असू. त्या जिन्यात दिसल्या, की मी बंद भ्रमणध्वनी कानाला लावून, खाणाखुणांनी क्षमा मागत खाली उतरत असे. आता त्या नाहीत. त्या रोज मला काय सांगू पाहत होत्या, त्यांच्या बोलण्यात कोणाची सफरचंदे होती, हे मला आता कळावयाचे नाही.

कादंबरीत सफरचंदांची हकीकत सांगून होते न होते तोच नाइटली घोड्यावरून रस्त्याने जाताना दिसतो. मिस बेट्स खिडकीतून मोठ्याने त्याचे आभार मानू लागते. तो तिला मध्येच थांबवून जेनची प्रकृती विचारतो. आपण किंग्स्टनला चाललो आहोत, तिथून तुमच्यासाठी काही आणावयाचे आहे का, एवढे विचारतो. सफरचंदांविषयी तो बोलत नाही.